जुना लॅपटॉप आणि साउंड कार्डावर विजेचा दर्जा महिनाभर नोंदवता येईल का?

मुद्रणकार

डिजिटल छपाईचं छोटं युनिट आहे. जोडणी थ्री फेज, पण छपाई मशीन आणि चार संगणक एकाच फेजवर. मशीनचा कंट्रोलर मध्येच रीसेट होतो आणि सुरू असलेलं काम वाया जातं. त्याच क्षणी संगणक कधी टिकतात, कधी बंद पडतात. मल्टिमीटर लावून बसलं तर २२८ ते २३५ व्होल्ट, एकदम व्यवस्थित. वायरमन म्हणतो वरूनच खराबी आहे, लाईनमन म्हणतो तुमच्या वायरिंगमध्ये बघा.

पॉवर क्वालिटी ॲनालायझर भाड्याने मिळतो, पण तो दोन-चार दिवसांपुरता परवडतो आणि घोटाळा नेमका त्याच दिवसांत होईल याची खात्री नाही. एक जुना लॅपटॉप पडून आहे. त्यावर महिनाभर नोंद ठेवायची तर:

१) साउंड कार्ड या कामाला खरंच चालतं का, की नुसता छंद?
२) यात काय दिसेल आणि काय दिसणार नाही?
३) मुख्य म्हणजे, दोष आमच्या आतला की बाहेरचा हे यातून सिद्ध होईल का?

---

तांब्याचीतार

चालतं, आणि चांगलं चालतं.

आधी मल्टिमीटरला का दिसत नाही ते बघू. साधा डिजिटल मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीन वाचनं दाखवतो आणि तीही सरासरी काढून. व्होल्टेज १०० मिलिसेकंदांसाठी १४० वर आलं आणि परत गेलं, तर आकडा जेमतेम हलतो. संगणकाच्या एसएमपीएसला (आतल्या पॉवर सप्लायला) मात्र बंद पडायला एवढं पुरतं. पूर्ण भारावर एटीएक्स (नेहमीच्या संगणकाचा) सप्लाय वीज गेल्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो, म्हणजे एका सायकलपेक्षाही कमी. भार हलका असेल तर जास्त. म्हणून तुमचे संगणक कधी टिकतात, कधी नाही.

संगणकक्षेत्रात आयटीआयसी वक्र वापरतात, तो पाठ असावा: व्होल्टेज पूर्ण शून्य झालं तरी २० मिलिसेकंद, ७० टक्क्यांवर आलं तर अर्धा सेकंद, ८० टक्क्यांवर १० सेकंद, आणि ९० टक्क्यांवर कायम, एवढं उपकरणाने सोसलं पाहिजे. यापेक्षा खोल किंवा लांब डिप (व्होल्टेजची क्षणिक घसरण) आला तर दोष उपकरणाचा नाही.

असं मोजायचं तर प्रत्येक अर्ध्या सायकलला, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी, मागच्या पूर्ण सायकलचा आरएमएस (एसी व्होल्टेजचं परिणामी मूल्य) काढावा लागतो. आयईसी ६१०००-४-३० या मानकात डिप आणि स्वेल (व्होल्टेजची क्षणिक वाढ) मोजायची हीच पद्धत आहे. साउंड कार्ड ४८ किलोहर्ट्झला चालवलं की एका सायकलला ९६० नमुने मिळतात. गरजेपेक्षा कितीतरी जास्त.

शिवाय साउंड कार्डाचा एडीसी (लाटेचे आकडे करणारा भाग) डेल्टा-सिग्मा जातीचा असतो, त्यात अँटी-एलियासिंग (वरच्या फ्रिक्वेन्सी गाळणारा) फिल्टर आयताच येतो. आर्डुइनोच्या एडीसीवर लोक थेट सिग्नल घेतात तेव्हा वरच्या फ्रिक्वेन्सीचा कचरा खाली येऊन बसतो आणि नसलेले हार्मोनिक (५० हर्ट्झच्या पटीतल्या लाटा) दिसायला लागतात. साउंड कार्डात ती भानगड नाही.

---

घाईतला

मग एवढं अवघड काय? एक मेगाओहम आणि एक किलोओहमचा डिव्हायडर करायचा, २३० चे ०.२३ व्होल्ट होतात, सरळ माइकच्या भोकात. पाच रुपयांत काम.

---

ओहमकर

घाईतला, कृपा करून हे करू नका, आणि हा धागा वाचून कुणीच करू नका.

डिव्हायडरचं एक टोक लॅपटॉपच्या ग्राउंडला जोडलं जातं. ते टोक न्यूट्रलवर आहे असं आपण धरून चालतो. आपल्याकडे सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असणं नित्याचं आहे, आणि प्लग टू-पिन असेल तर तो कसाही बसतो. तसं झालं की लॅपटॉपची ऑडिओ जॅकची कडा, यूएसबीची पत्र्याची चौकट, धातूची बॉडी, सगळं २३० व्होल्टवर. ॲडॉप्टर थ्री-पिन असेल तर फेज थेट अर्थला. आणि सगळं बरोबर जोडलं असलं तरी बाहेर न्यूट्रल तुटला की तेच. म्हणजे विजेतला जो दोष पकडायला बसवलं, तो आला की यंत्रच जीवघेणं होणार.

आयसोलेशनशिवाय पुढे जायचंच नाही. ट्रान्सफॉर्मर हवाच.

---

घाईतला

पटलं. प्रतिसाद संपादित करता येत नाही, नाहीतर काढून टाकला असता. संपादकांना विनंती, त्यावर ठळक इशारा टाका.

---

रोहित्र

ट्रान्सफॉर्मरच हवा तर २३०/६ व्होल्टचा, ५०० मिलिॲम्पियरचा छोटा ट्रान्सफॉर्मर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. तो का नको?

---

ओहमकर

डिप पकडायला चालेल. वेव्हफॉर्म आणि हार्मोनिक बघायला नाही. हे छोटे ट्रान्सफॉर्मर खर्च वाचवण्यासाठी सॅच्युरेशनच्या काठावर चालतील असेच गुंडाळलेले असतात. २४५-२५० व्होल्ट झाले की कोअर भरतो, आणि मॅग्नेटायझिंग करंट प्रायमरीच्या मोठ्या रेझिस्टन्समधून जाताना लाटेचा आकार बिघडतो. तिसरा हार्मोनिक विजेत आहे की ट्रान्सफॉर्मरने घातला हे कळत नाही.

त्यापेक्षा झेडएमपीटी१०१बी घ्या. हा व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर म्हणून विकला जातो, पण खरं तर दोन मिलिॲम्पियरला दोन मिलिॲम्पियर असा करंट ट्रान्सफॉर्मर आहे. बाजारात तो निळ्या मॉड्यूलवर, एलएम३५८ आणि ट्रिमपॉटसकट मिळतो. मॉड्यूल नको. तो ॲम्प्लिफायर पाच व्होल्टवर लवकर क्लिप होतो आणि ट्रिमपॉट हलला की कॅलिब्रेशन गेलं. नुसता ट्रान्सफॉर्मर घ्या, किंवा मॉड्यूलवरून उतरवून घ्या.

जोडणी अशी:

फेजवर आधी १०० मिलिॲम्पियरचा काचेचा फ्यूज. मग २७ किलोओहमचे चार मेटल फिल्म रेझिस्टर सिरीजमध्ये, अर्ध्या वॅटचे. दोन फेजच्या बाजूला, दोन न्यूट्रलच्या, आणि त्यांच्यामध्ये प्रायमरी. एकूण १०८ किलोओहम, २३० ला सुमारे २.१३ मिलिॲम्पियर. एकच मोठा रेझिस्टर लावायचा नाही, कारण पाव वॅटच्या साध्या रेझिस्टरची व्होल्टेज मर्यादा साधारण २५० असते. शिखर ३२५ व्होल्टचं असतं आणि रेझिस्टर आतून तडकतो.

सेकंडरीवर १०० ओहमचा एक टक्का रेझिस्टर. त्यावर ०.२१ व्होल्ट आरएमएस मिळतात. बहुतेक लाईन-इन साधारण एक व्होल्टला भरतात, म्हणजे ४०० व्होल्ट आले तरी नोंद कापली जाणार नाही. कमी वाटतं, पण १६ बिटला हिशेब केला तर एक पायरी ०.०५ व्होल्टपेक्षाही लहान पडते. बर्डन (सेकंडरीवरचा हा रेझिस्टर) वाढवून सिग्नल मोठा करायचा मोह टाळा, बर्डन वाढला की फेज एरर (लाट वेळेत सरकणं) वाढतो.

संरक्षणासाठी १एन४१४८ डायोड: दोन सिरीजमध्ये एका दिशेने, दोन उलट दिशेने. एकेकच लावला तर अर्ध्या व्होल्टपासून हळूहळू वाहायला लागतो आणि नेमक्या मोठ्या स्वेलच्या वेळी शिखरं चपटी दिसतात.

सगळं प्लास्टिकच्या बंद डब्यात. २३० च्या भागात आणि सेकंडरीत किमान ८ मिलिमीटर अंतर, आणि पीसीबी असेल तर मध्ये खाच कापा. व्हेरोबोर्ड वापरलात तर मधल्या तांब्याच्या पट्ट्या खरवडून काढा.

---

भिमथडी

एमओव्ही (सर्ज शोषणारा भाग) विसरलात का? फ्यूजनंतर १४डी४३१के टाकायला हवा.

---

ओहमकर

मुद्दाम टाकला नाही. १४डी४३१के म्हणजे २७५ व्होल्ट एसीचा. न्यूट्रल तुटून फेजवर ३५०-३८० व्होल्ट आले की तो वाहायला लागतो, फ्यूज उडतो आणि सगळ्यात महत्त्वाची नोंद तिथेच थांबते. टाकायचाच तर १४डी८२१के, ५१० व्होल्टचा. विजांच्या सर्जला तो पुरतो आणि न्यूट्रलच्या दोषात गप्प राहतो. ४०० व्होल्टला रेझिस्टरमधून ३.७ मिलिॲम्पियर जातात, प्रत्येकावर ०.३७ वॅट, म्हणून तर अर्ध्या वॅटचे सांगितले.

---

भिमथडी

हे पटलं. ग्रामीण फीडरवर हाच प्रकार जास्त. सिंगल फेजिंग चालू असताना कंडेन्सर लावून थ्री फेज पंप ओढले की उरलेल्या फेजवर १५०-१६० आणि दुसरीकडे भलतंच. डीपीवरचा न्यूट्रलचा जोड सैल असेल तर गावभर टीव्ही जळतात.

---

तांब्याचीतार

साउंड कार्ड कोणतं, हे सांगायचं राहिलं. लॅपटॉपची एकच गोल जॅक हेडसेटसाठी असते, त्यातला माइक मोनो असतो आणि त्यावर कॅप्सूलसाठी बायस व्होल्टेज असतं. यूएसबीचे दीड-दोनशे रुपयांचे कार्ड बहुधा सीएम१०८ चिपचे, तेही मोनो माइकवालेच. आपल्याला स्टिरिओ लाईन-इन हवं, म्हणजे एका चॅनेलवर व्होल्टेज, दुसऱ्यावर करंट. बेहरिंगरचं यूसीए२०२ चालतं: आरसीए इनपुट, १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ, आणि इनपुट गेनचं बटणच नाही. या कामाला ते बटण नसणं फार मोलाचं. जुन्या डेस्कटॉपची निळी जॅकही उत्तम, पण डेस्कटॉपला यूपीएस लागेल.

करंटसाठी एससीटी-०१३-००० हा तारेभोवती बसणारा क्लॅम्प, १०० ॲम्पियरला ५० मिलिॲम्पियर. त्यावर २२ ओहमचा बर्डन: २० ॲम्पियरला ०.२२ व्होल्ट, मोटर सुरू होताना ६० गेला तरी ०.६६. याच्या वायरला ३.५ मिलिमीटरचा ऑडिओ पिनच लावलेला येतो, म्हणून लोक तो उचलून सरळ लॅपटॉपमध्ये खोचतात. बर्डनशिवाय खोचला की पोर्ट मेलं. त्याच मालिकेतल्या ०३० ला आत बर्डन असतो, ३० ॲम्पियरला एक व्होल्ट, पण तुमच्या भाराला तो लवकर भरेल.

क्लॅम्प एकाच तारेभोवती लावायचा. पूर्ण केबलभोवती लावला तर फेज-न्यूट्रल एकमेकांना खोडतात आणि शून्य दिसतं.

---

लिनक्सवेडी

सॉफ्टवेअरचं मी सांगते.

डेबियन टाका, डेस्कटॉपशिवाय. आवाजाचे सगळे मधले थर, म्हणजे पल्सऑडिओ किंवा पाइपवायर, काढून टाका. आल्साचा एरेकॉर्ड थेट हार्डवेअर उपकरणावरून चालवा. 'प्लग' असलेलं नाव दिलंत तर तो गुपचूप सॅम्पल रेट बदलून देतो आणि तुमचं टायमिंग बिघडतं. गेनच्या पातळ्या एकदा ठरवून आल्साकंट्रोलने साठवा. विंडोज वापरायचंच असेल तर ऑडिओ एन्हान्समेंट, नॉइज सप्रेशन, ऑटोमॅटिक गेन सगळं बंद, आणि त्या यंत्रावर व्हिडिओ कॉलचं ॲप ठेवायचं नाही. ती ॲप माइकची पातळी स्वतःहून फिरवतात.

सगळं साठवायला गेलात तर ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओ १६ बिट म्हणजे सेकंदाला १९२ किलोबाइट, दिवसाला साडेसोळा जीबी. गरज नाही. मेमरीत शेवटच्या ३० सेकंदांचा रिंग बफर ठेवायचा. घटना घडली की आधीचे २ आणि नंतरचे ५ सेकंद डिस्कवर. त्याशिवाय दर १० मिनिटांचे किमान, कमाल, सरासरी. पायथन आणि नमपायमध्ये दीडशे-दोनशे ओळींचं काम आहे, दहा वर्षं जुना प्रोसेसरही आरामात पेलतो.

डिपची मर्यादा ९० टक्के, म्हणजे २०७. स्वेलची ११० टक्के, २५३. परत येताना २ टक्क्यांचा हिस्टेरेसिस ठेवा, म्हणजे २०७ ला सुरू झालेला डिप २११.६ च्या वर गेल्यावरच संपला म्हणायचं. नाहीतर सीमारेषेवर रेंगाळणाऱ्या व्होल्टेजला एका रात्रीत शेकडो 'घटना' होतात.

दोन गोष्टी हमखास गंडतात. पहिली, बफर ओव्हररन. डिस्कवर लिहिताना प्रोग्रॅम अडकला की काही नमुने हरवतात, लाट मध्येच तुटते आणि खोटा डिप नोंदला जातो. ओव्हररनची नोंद घटनेच्या शेजारीच ठेवा, आणि वाचणं व लिहिणं वेगळ्या थ्रेडवर करा. दुसरी, यूएसबी ऑटोसस्पेंड आणि झाकण बंद केल्यावरची झोप. दोन्ही बंद.

घड्याळ क्रोनी या प्रोग्रॅमने एनटीपीला (नेटवरच्या प्रमाण वेळेला) बांधा. तुमची नोंद सबस्टेशनच्या नोंदीशी जुळवायची वेळ आली तर पाच सेकंदांचा फरकही वाद निर्माण करतो.

आणि लॅपटॉपची बॅटरी किमान १५ मिनिटं टिकणारी हवी. मेलेली बॅटरी असेल तर वीज गेल्याक्षणी नोंद करणाराच जातो.

---

निवांत

एवढा खटाटोप? यूपीएसला यूएसबी किंवा सिरीयल पोर्ट असेल तर नेटवर्क यूपीएस टूल्स टाका. इनपुट व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी, बॅटरीवर गेल्याची वेळ, सगळं फुकट मिळतं.

---

लिनक्सवेडी

निवांत, वीज गेली-आली एवढंच हवं तर तुमचा मार्ग सगळ्यात सोपा आहे. पण आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त लाईन-इंटरॅक्टिव्ह यूपीएसना पोर्टच नसतो. ज्यांना असतो ते मेगाटेकचा जुना प्रोटोकॉल बोलतात. सिरीयलवर २४०० बॉड, 'क्यू१' पाठवला की एका ओळीत इनपुट व्होल्टेज, फॉल्ट व्होल्टेज, आउटपुट, लोड, फ्रिक्वेन्सी, बॅटरी येतं. ड्रायव्हर साधारण दोन सेकंदांनी विचारतो. १०० मिलिसेकंदांचा डिप मधल्या मध्ये निसटतो. यूपीएस बॅटरीवर गेला तर कळतं, पण किती खोल, किती वेळ, ते नाही.

---

निवांत

मान्य. दोन्ही ठेवावेत असं म्हणतो. यूपीएसची नोंद ही स्वतंत्र साक्ष आहे, दोन्हींची वेळ जुळली की शंका उरत नाही.

---

रोहित्र

पीझेम-००४टी? व्होल्टेज, करंट, पॉवर फॅक्टर, सगळं मॉडबसवर.

---

तांब्याचीतार

चांगलं मॉड्यूल आहे, पण ऊर्जा मोजायला. वाचन साधारण सेकंदाला एक, आणि व्होल्टेजची मर्यादा ८० ते २६०. न्यूट्रलचा दोष आणि डिप, दोन्ही त्याच्या आवाक्याबाहेर. रास्पबेरी पायचाही विचार कुणी करेल म्हणून सांगतो: त्याला ऑडिओ इनपुट नाही आणि एडीसीही नाही. यूएसबी कार्ड लावून चालेल, पण एसडी कार्डावर सतत लिहिणं आणि अचानक वीज जाणं ही जोडी वाईट. स्वतःची बॅटरी असलेला लॅपटॉप इथे उजवा.

---

अष्टमान

कॅलिब्रेशनबद्दल कुणी बोललं नाही. साउंड कार्डाला व्होल्ट कळत नाहीत, त्याला फक्त आकडे कळतात.

डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) आणि ट्रू आरएमएस मल्टिमीटर घ्या. १६०, १८०, २००, २२०, २४०, २६० ला प्रत्येकी अर्धा मिनिट थांबून दोन्हींची वाचनं लिहा. सरळ रेषा बसवा. रेषेपासून अर्ध्या टक्क्याच्या आत सगळे बिंदू आले तर जोडणी निर्दोष. वरच्या टोकाला वाचन कमी पडायला लागलं तर कुठेतरी क्लिपिंग किंवा सॅच्युरेशन आहे. मे महिन्यात पत्र्याखाली डबा असेल तर दुपारी आणि पहाटे दोनदा तपासा.

दुसरं, जे फार लोकांच्या लक्षात येत नाही. साउंड कार्डाच्या इनपुटला सिरीज कपॅसिटर असतो, म्हणजे हाय-पास फिल्टर. समजा १ मायक्रोफॅरड आणि १० किलोओहम, तर कटऑफ १६ हर्ट्झ. ५० हर्ट्झला सिग्नल ९५ टक्के येतो आणि १८ अंश पुढे सरकतो. १५० हर्ट्झला मात्र ९९ टक्क्यांवर येतो आणि सहाच अंश सरकतो. म्हणजे तिसरा हार्मोनिक मूळ लाटेच्या तुलनेत ४ टक्क्यांनी फुगलेला दिसतो, आणि लाटेचा आकार पडद्यावर खोटाच दिसतो. आरएमएसवर फरक नाही, तो कॅलिब्रेशनमध्ये निघून जातो. पॉवर फॅक्टरवरही कार्डामुळे फारसा नाही, कारण दोन्ही चॅनेल सारखेच सरकतात. तिथे फरक पाडतो तो झेडएमपीटी आणि क्लॅम्प यांच्या फेज एररमधला, तो बल्ब किंवा हीटरसारखा शुद्ध रेझिस्टिव्ह भार लावून शून्य करून घ्यायचा.

हार्मोनिकसाठी १० सायकलची खिडकी घ्या. ४८ किलोहर्ट्झला ९६०० नमुने, एफएफटीचा (लाटेतल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करणाऱ्या गणिताचा) प्रत्येक खाना ५ हर्ट्झचा. पण ग्रिड ४९.९ ला असेल तर ५० वा हार्मोनिक २४९५ वर येतो, म्हणजे एक खाना सरकतो. आधी फ्रिक्वेन्सी मोजून रीसॅम्पल करा, नाहीतर २५ च्या पुढचे आकडे विश्वासाचे नाहीत. टीएचडीची (सगळ्या हार्मोनिकच्या एकूण प्रमाणाची) आयईईई ५१९ या मानकातली मर्यादा एक किलोव्होल्टपर्यंत ८ टक्के, एकेका हार्मोनिकची ५.

---

पश्चिमघाट

थोडं विषयांतर. याच जोडणीवर ग्रिडची फ्रिक्वेन्सी बघा, भारी प्रकार आहे. साउंड कार्डाचा क्रिस्टल ५० पीपीएमने (दशलक्षात ५० ने) चुकला तरी ५० हर्ट्झमध्ये फरक ०.००२५ चा. तोही काढता येतो: २४ तासांत ४ अब्ज १४ कोटी ७२ लाख नमुने यायला हवेत, किती आले ते एनटीपीच्या वेळेशी ताडून बघायचं.

३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी एकसूत्र झालं. तेव्हापासून तुमच्या सॉकेटमधली फ्रिक्वेन्सी आणि श्रीनगर किंवा मदुराईतली फ्रिक्वेन्सी एकच. ग्रिड कोडचा पट्टा ४९.९० ते ५०.०५. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊला देशभर नऊ मिनिटं दिवे बंद झाले, मागणी ३१ हजार मेगावॉटच्या आसपास घसरली, आणि फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ च्या आत राखली. जलविद्युत केंद्रांनी ती कसरत केली. असा प्रसंग घरातल्या लॅपटॉपवर उमटतो हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

---

अष्टमान

+१. आणि हे उपयोगाचंही आहे. भार प्रेषण केंद्राच्या संकेतस्थळावर दिसणारी फ्रिक्वेन्सी आणि तुमची जुळली, तर तुमचं टायमिंग ठीक आहे याचा तो फुकटचा पुरावा.

---

भिमथडी

पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाने साध्या घरांमध्ये प्लगमध्ये बसणारे नोंदक लावून दर मिनिटाचं व्होल्टेज गोळा केलं आणि सर्वांसाठी खुलं ठेवलं. किती तास वीज होती, किती वेळ डिम होती, हे लोकांना आकड्यांत दाखवणारं ते मोलाचं काम आहे. मिनिटाच्या नोंदीत मुद्रणकारांचा डिप दिसणार नाही, पण 'संध्याकाळी व्होल्टेज पडतं' या तक्रारीला तेवढं पुरतं. प्रत्येकाने मिलिसेकंदांच्या मागे लागायची गरज नाही.

---

मुद्रणकार

सर्वांचे आभार, वाचनखूण साठवली. पण माझा तिसरा प्रश्न अजून तिथेच आहे. आतला की बाहेरचा?

---

तांब्याचीतार

त्यासाठीच दुसऱ्या चॅनेलवर करंट घ्यायला सांगितला. क्लॅम्प मेन स्विचनंतर लगेच, ज्या फेजवर मशीन आहे त्याच तारेवर. व्होल्टेजही तिथूनच, मशीनजवळून नाही. मग प्रत्येक घटनेत दोन्ही लाटा शेजारी ठेवायच्या.

व्होल्टेज पडायच्या क्षणी करंट एकदम वाढला, तर तुमच्याच आतला भार सुरू झाला. डायरेक्ट ऑनलाइन मोटर सुरू होताना पूर्ण भाराच्या सहा-सात पट करंट घेते, कॉम्प्रेसर किंवा बोअरचा पंप तपासा. करंट तसाच राहिला किंवा पडला आणि व्होल्टेज पडलं, तर कारण मीटरच्या पलीकडे.

एक सावधगिरी. एसएमपीएसचा भार व्होल्टेज परत येताना कपॅसिटर भरायला करंटचा झटका घेतो. तो डिपच्या शेवटी दिसतो. सुरुवातीच्या पहिल्या दोन-तीन सायकलींकडेच बघून निकाल द्यायचा.

आणि आकारही बोलतो. मोटर सुरू झाल्याचा डिप झपकन पडतो आणि सेकंद-दोन सेकंदांत तिरका चढत येतो. लाईनवरच्या शॉर्टचा डिप सपाट तळाचा, कडा उभ्या, ६० ते २०० मिलिसेकंदांत ब्रेकरने तोडला की एकदम पूर्ववत.

---

ओहमकर

तिसरी शक्यता विसरू नका: तुमच्याच मुख्य जोडणीतला सैल लग (तारेच्या टोकाचा जोड). करंट वाढला की व्होल्टेज पडतं, पण प्रमाणाबाहेर. घटनांमधला व्होल्टेजचा फरक भागिले करंटचा फरक करा. मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर आणि डीपी मिळून हा आकडा सहसा एका ओहमच्या बराच खाली असतो. तो आठवड्यागणिक वाढत गेला किंवा एकाच दिवसात उड्या मारायला लागला, तर जोड तापतोय. वायरमनला बोलवा आणि मेन बंद करून लग, कटआउट, न्यूट्रल लिंक आवळून घ्या. महिनाभराची नोंद नसती तर हे कळलंच नसतं.

---

लिनक्सवेडी

मर्यादाही लिहून ठेवू, म्हणजे नंतर अपेक्षाभंग नको. ४८ किलोहर्ट्झला दोन नमुन्यांत जवळजवळ २१ मायक्रोसेकंद असतात. विजेच्या कडकडाटाचा सर्ज १.२ मायक्रोसेकंदांत चढतो, तो इथे दिसणारच नाही. दिसलाच तर नंतरची थरथर. त्यासाठी स्कोप किंवा खरा ॲनालायझर.

---

मुद्रणकार

आणि ही नोंद घेऊन वीज कंपनीकडे गेलो तर मानतील?

---

रोहित्र

पुरावा म्हणून नाही, दिशा म्हणून. तुमचं यंत्र प्रमाणित नाही, ते 'क्लास ए' (प्रमाणित अचूकतेच्या वर्गातलं) असल्याचा दावा करू नका. पण 'अमुक तारखेला १४ वाजून २२ मिनिटांनी १३० मिलिसेकंदांसाठी १४८ व्होल्ट' अशी वीस-पंचवीस घटनांची यादी दिली की सबस्टेशनच्या ट्रिपिंग रजिस्टरशी ताडता येते. जुळली तर प्रमाणित मीटर लावून तपासणी करण्याची लेखी मागणी करा. लो टेन्शनला सहा टक्क्यांची मर्यादा आहे, २३० ला ती २१६.२ ते २४३.८ पडते. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या पुरवठा संहिता आणि कृती मानकांच्या विनियमांत तर पॉवर क्वालिटीचा उल्लेख नावातच आहे. लेखी तक्रारीचा क्रमांक घ्या. पुढे ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचात जायचं झालं तर तोच लागतो.

नव्या मीटरमधली लोड प्रोफाइलही मागा. ती १५ किंवा ३० मिनिटांची असते, डिप दिसणार नाही, पण तुमच्या १० मिनिटांच्या सरासरीशी जुळली तर तुमच्या यंत्राची विश्वासार्हता वाढते.

---

अष्टमान

मुद्रणकार, एक तपशील विचारतो. मशीनच्या पॅनेलमध्ये मेन कॉन्टॅक्टरची (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचची) कॉइल २३० एसीची आहे का? संगणक टिकतात आणि मशीन पडतं याचं ते सगळ्यात सरळ कारण असतं. एसी कॉन्टॅक्टरची कॉइल मानकाप्रमाणे ७५ ते २० टक्क्यांच्या मध्ये कुठेही सुटू शकते, आणि सुटायला एखाद-दोन सायकली पुरतात.

---

मुद्रणकार

पॅनेल उघडून बघितलं. मेन कॉन्टॅक्टरची कॉइल २३० एसीचीच, आणि कंट्रोलरचा २४ व्होल्टचा एसएमपीएस त्याच कॉन्टॅक्टरच्या नंतर जोडलाय.

---

अष्टमान

मग कॉन्टॅक्टर क्षणभर सुटला की कंट्रोलर जातो, परत चिकटला की रीसेट. मशीनच्या कंपनीशी बोलून कंट्रोलरचा एसएमपीएस वेगळ्या एमसीबीवरून छोट्या ऑनलाइन यूपीएसवर घेता येतो का ते विचारा. पूर्ण मशीनला मोठा यूपीएस लावण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. इमर्जन्सी स्टॉपची साखळी मात्र जशी आहे तशीच राहिली पाहिजे, तिला कुणी हात लावायचा नाही.

पण नोंद आधी सुरू करा, बदल नंतर. कॉन्टॅक्टर किती व्होल्टला सुटतो हे तुमच्याच घटनांतून कळेल: मशीन पडलेल्या आणि न पडलेल्या डिपचे आकडे खोली आणि कालावधी अशा आलेखावर टाका, मधली रेषा आपोआप दिसेल.

---

मुद्रणकार

झेडएमपीटी, क्लॅम्प आणि यूसीए२०२ मागवलं. डिमरस्टॅट जवळच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात मिळतोय. पहिल्या घटनांच्या लाटा आल्या की याच धाग्यावर टाकतो.

---

ओहमकर

डबा बंद केल्यावर, लॅपटॉप जोडायच्या आधी, मेगर (इन्सुलेशन तपासणारं मीटर) मागून घ्या. प्रायमरी आणि सेकंडरीत ५०० व्होल्टला १०० मेगाओहमपेक्षा जास्त यायला हवं. वाइंडिंगवाल्याकडे मेगर असतोच, डिमरस्टॅटसोबत तोही आणा.